जबडा बांधलेल्यांचं जेवण

सोमवार, ४ मार्च १९९६

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मला नोकरी लागली. हे वाक्य दोनदा लिहावंसं वाटतंय, पण वही नवी आहे, उगाच पान कशाला खराब करा.

होम सायन्सची पदवी लग्नात रुखवतावर मांडली होती, तेव्हापासून ती कपाटातच होती. मुलगी अर्चना गेल्या वर्षी पुण्याला हॉस्टेलवर गेली आणि ह्यांच्या बँकेची सुरतची बदली काही हलेना. दोन माणसांचा स्वयंपाक अर्ध्या तासात उरकतो. मग दिवसभर करायचं काय? तेवढ्यात डॉ. गायत्री भेटल्या. मूळच्या बडोद्याच्या, मराठी, जबड्याच्या सर्जन, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने बोलणाऱ्या. त्यांच्या ट्रस्टच्या इस्पितळात एक अभ्यास सुरू होतोय आणि त्यांना आहाराचं कळणारं माणूस हवं होतं.

अभ्यास असा. जबडा मोडला की वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकतात. सहा आठवडे तोंड बंद. दातांमागच्या फटीतून नळीने जे आत जाईल तेच जेवण. माणूस चार-पाच किलोंनी उतरतो, हाड सांधायला वेळ लागतो, कामावर जायला आणखी वेळ. अशांना पौष्टिक पावडर दिली तर ते लवकर बरे होतात का, हे बघायचं. आणि ती पावडर माझी! नाचणीचं सत्त्व, डाळं, दुधाची पावडर, वेलदोडा. अर्चनाच्या अक्कलदाढा काढल्या तेव्हा मी केली होती तीच, जरा सुधारून.

बंद लिफाफ्यातून चिठ्ठी निघेल तसे दोन गट पडणार. एका गटाला पावडर, दुसऱ्याला इस्पितळाचा नेहमीचा कागद: ताक, डाळीचं पाणी, फळांचा रस. फरक दिसला तर जुलैत बडोद्याच्या परिषदेत निबंध, त्यावर गायत्रीबेननंतर माझं नाव, आणि पावडर इस्पितळात कायमची. पावडरीबरोबर मीही. नाही दिसला तर सहा महिन्यांनी मी परत घरी, अर्ध्या तासाच्या स्वयंपाकाला.

खोलीत एकच टेबल आहे. त्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर भूपेंद्र बसतो. चाळिशीचा, आईवडील धुळ्याकडचे, स्वतः सुरतेत वाढलेला. त्याच्याकडे कुत्रा चावलेल्यांचा अभ्यास आहे: पोटातल्या जुन्या इंजेक्शनांऐवजी दंडात पाच वेळा द्यायची नवी लस. मला म्हणाला, "ताई, तमारे तो मजा छे. तुमची माणसं ओरडत तरी नाहीत."

शुक्रवार, ८ मार्च

आज दिवसभर दात घट्ट मिटून राहिले. रुग्णाला काय वाटतं ते कळायला नको? सकाळी सहा ते संध्याकाळी सहा फक्त नळी. बोलणं पाटीवर लिहून. पावडर तीन वेळा घेतली. पहिल्यांदा छान वाटली, दुसऱ्यांदा बरी, तिसऱ्यांदा नळीत गुठळी अडकली. ती माझ्या घाईमुळे.

ह्यांनी बँकेतून आल्यावर माझी पाटी वाचली आणि म्हणाले, "हा अभ्यास वर्षभर चालू दे." मग स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसत बसले. सहा वाजेपर्यंत उत्तर देता आलं नाही याचा मला किती त्रास झाला! सहा वाजून एक मिनिटाने दिलं.

गुरुवार, १४ मार्च

रुग्ण क्रमांक तीन. नाव चिंधा, वय सत्तावीस, लूमवर कामाला. मागातून आडवा धागा नेणारा धोटा उडाला तो थेट जबड्यावर. तो लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंड, आणि वेग असा की शेजारचा म्हणाला, आम्हाला दिसला नाही, फक्त आवाज आला. बरोबर आई, शांताबाई. मुलाकडे बघून डोळे पुसत होती, आणि त्याने पाटीवर काही लिहिलं की हसत होती, कारण तिला वाचता येत नाही आणि तो तरीही लिहितो.

लिफाफा उघडला: पावडर. मला इतका आनंद झाला की गायत्रीबेननी डोळे वटारले. कोणत्या गटात कोण, याचा आपल्याला आनंद व्हायचा नसतो म्हणे. शांताबाईला आठवड्याचा डबा दिला, कसं कालवायचं ते सांगितलं. तार कापायची छोटी पक्कडही दिली. उलटी झाली आणि तोंड बंद असलं तर जीव गुदमरेल, म्हणून पक्कड सतत जवळ हवी. तिने ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

सोमवार, १८ मार्च

क्रमांक चार. सुपडू, वय पस्तीस, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये. ओल्या फरशीवर घसरून हनुवटीवर आपटला. बायको मंगलाबाई, ठेंगणी, आवाज मात्र दोन माणसांचा. राहतात चिंधाच्याच गल्लीत, समोरासमोर.

लिफाफा: साधा आहार. मंगलाबाईने माझ्या हातातला कागद बघितला, मग फडताळातले डबे बघितले.

"आम्हनं काय चुकनं, ताई? चिंधाले डबा आन् यासले नही?"

मी तिला नीट समजावलं. चिठ्ठी म्हणजे काय, दोन गट का लागतात, एकाचं दुसऱ्याला दिलं तर सगळी मेहनत कशी वाया जाते. डबा ज्याचा त्याचाच, दुसऱ्याला द्यायचा नाही, हे दोनदा सांगितलं. ती डोळे मोठे करून ऐकत होती आणि मान डोलावत होती. शिकलेली नसली तरी समज आहे बाईला. भूपेंद्र उगाच खोकत होता. त्याला म्हटलं, आल्याचा रस घे.

गुरुवार, २१ मार्च

क्रमांक सहा: ललित, वय चोवीस, कतारगामला हिऱ्यांना पैलू पाडतो. अमळनेरजवळचा. सायकलला टेम्पोने उडवलं. एकटाच आला, एकटाच पाटीवर लिहीत होता, सुवाच्य अक्षर. चौघं मिळून एका खोलीत राहतात, बाकीचे तिघे रात्रपाळीला. जेवण? खानावळीचा डबा. आता त्या डब्याचं काय करणार, विचारलं तर त्याने खांदे उडवले.

लिफाफा: साधा आहार.

गायत्रीबेन जवळ नव्हत्या, पण आज मला आनंद झाला नाही.

गुरुवार, २८ मार्च

गुरुवार म्हणजे वजनाचा दिवस. सगळे बाहेरच्या बाकावर ओळीने बसतात, कोणी बोलत नाही, बोलतात त्या फक्त बायका, आणि त्या सगळ्यांच्या वाटचं बोलतात.

चिंधा: दोन आठवड्यांत फक्त अर्धा किलो कमी. शाबास माझी पावडर! शांताबाई म्हणाली डबा चार दिवसांत संपला, दुसरा द्या. चार दिवसांत! एवढी आवडली त्याला. मी लगेच दोन डबे दिले.

सुपडू: आला तेव्हा अठ्ठावन्न, आज अठ्ठावन्न किलो तीनशे ग्रॅम. वाढलं! ताकावर आणि डाळीच्या पाण्यावर? मी काटा तपासला. स्वयंपाकघरातून दहा किलोची तांदळाची गोणी आणून ठेवली. काट्याने दहाच दाखवले.

मंगलाबाईने निघताना मला एक सूचना केली. "ताई, तुमनी पावडर सरळ गरम दूधमा टाकी ना, ते गोया व्हतीस. पहिले थंड पानीमा कालवनी पडस." म्हणजे गुठळ्या होतात, आधी गार पाण्यात कालवावी. अगदी खरं आहे! मला स्वतःला सुचायला हवं होतं. माझ्या पावडरीची गल्लीत एवढी चर्चा आहे की जिला मिळत नाही तिलाही तिच्यातल्या खाचाखोचा माहीत. बरं वाटलं.

ललित: एक्कावन्नचा एकोणपन्नास किलो दोनशे.

गुरुवार, ४ एप्रिल

ललित सेहेचाळीस किलो आठशे. दोन आठवड्यांत चार किलोंच्या वर गेले. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली आहे. काय घेतोस, विचारलं. पाटीवर लिहिलं: चहा. आणखी? सोडा. आणखी? त्याने पाटी पुसली.

मी गायत्रीबेनकडे गेले. म्हटलं, ह्याला एक डबा देऊ या. त्या म्हणाल्या, वजन दहा टक्क्यांनी घटलं की नियमाप्रमाणे अभ्यासातून काढू, भरती करू, नाकातून नळी घालू. "पण त्याआधी डबा दिला तर तो ना ह्या गटात ना त्या गटात, सुलभाताई. तुमचंच काम बिघडेल." खरं आहे. सगळं खरं आहे. मी पिशवीत टाकलेला डबा परत फडताळात ठेवला. त्या दोन पावलांची मला अजून लाज वाटते आहे. माझ्या नावाचा निबंध व्हावा म्हणून एक पोरगा चहावर जगतोय, असं मनात आलं. ते मी खोडत नाही.

बाहेर बाकावर मंगलाबाई त्याच्याकडे टक लावून बघत होती. मला विचारलं, "ताई, हाऊ भाऊ कोठे राहस? घर कोन शे त्याले?" रुग्णाचा पत्ता मी देऊ शकत नाही, तसं सांगितलं. मग तिने त्यालाच विचारलं. त्याने पाटीवर लिहिलं, आणि तिला वाचता येत नाही म्हणून भूपेंद्रने मोठ्याने वाचून दाखवलं. भूपेंद्रने असं करायला नको होतं. पण तो माझ्या अभ्यासात नाही, त्याला काय बोलणार?

गुरुवार, ११ एप्रिल

चमत्कार! ललित अठ्ठेचाळीस. आठवड्यात किलोवर वाढला, तेही साध्या आहारावर. आणि दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. मी काटा पुन्हा तपासला, तांदळाची गोणी आता खोलीतच ठेवली आहे.

विचार करून मी एक उपपत्ती मांडली आहे: शरीर पहिले दोन आठवडे गोंधळतं आणि मग कमी अन्नात भागवायला शिकतं. भूपेंद्रला वाचून दाखवली. तो बराच वेळ सिरिंज मोजत राहिला, मग म्हणाला, "असू शकतं, ताई." संध्याकाळी ह्यांना दाखवली. हे म्हणाले, "मग मी पहिले दोन आठवडे गोंधळून बघू का? पोट फार सुटलंय."

गुरुवार, १८ एप्रिल

आज वाईट दिवस.

गायत्रीबेननी सोळा रुग्णांचा तक्ता मांडला. तीस तारखेला परिषदेला गोषवारा पाठवायचा आहे. पावडरवाले आठ: सरासरी घट आठशे ग्रॅम. साधे आठ: सरासरी घट नऊशे ग्रॅम. म्हणजे फरक शून्य. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "पावडरीचा उपयोग दिसत नाही, सुलभाताई. तसंच लिहावं लागेल." त्या चांगल्या आहेत म्हणून हळू सांगितलं. ओरडल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

मी तिथे हसले, रिक्षात बसल्यावर रडले. रिक्षावाल्याने आरसा वळवला आणि गाणं बंद केलं. घरी ह्यांनी स्वतः उठून चहा केला, त्यात साखर घालायला विसरले, आणि मी तसाच प्यायले.

एक राहिलं. मंगलाबाईला मी सहज विचारलं, आखाजीला माहेरी जाणार ना? खानदेशातल्या बाईला अक्षयतृतीया म्हणजे माहेर, एवढं मला इथे राहून कळलंय. ती म्हणाली, "औंदा जमत नही ताई, घरमा काम शे. तुम्हीच या ना आम्हनाकडे." एका नवऱ्याला नळीने पाजायचं त्यात कसलं एवढं काम? गाडीचं रिझर्वेशन मिळालं नसेल बिचारीला. शनिवारी जाऊन यावं म्हणते. माझं तरी काय काम उरलंय.

शनिवार, २० एप्रिल, आखाजी

सगळं सुरुवातीपासून लिहिते.

दहाला पांडेसऱ्याला पोचले. मिलच्या मागची गल्ली, दोन्ही बाजूंना खोल्या, मध्ये चिंचेच्या फांदीला दोर बांधून झोका. पोरी झोके घेत होत्या, खाटाखाटांवर कुरडया वाळत होत्या. मंगलाबाईचं घर विचारायची गरज पडली नाही. तिच्या ओट्यावर पाच पुरुष ओळीने बसले होते आणि पाचही जणांच्या तोंडात नळी.

क्रमांक तीन, क्रमांक चार, क्रमांक अकरा, क्रमांक चौदा. आणि टोकाला, मांडीवर कोणाचं तरी तान्हं घेऊन, क्रमांक सहा. कतारगामचा ललित!

पाचही जणांनी मला बघितलं आणि पाचही नळ्या एकदम थांबल्या.

समोर चुलीवर मोठं पातेलं होतं. शांताबाई त्यात पळी फिरवत होती. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक. तो शिजवून, दुधाने पातळ करून, गूळ घालून. आणि पातेल्याशेजारी माझा डबा, माझ्याच अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेला: "क्रमांक ३. फक्त यांच्यासाठी." शांताबाई त्यातली पावडर गार पाण्यात कालवून चिकात ओतत होती. सगळ्यांच्या चिकात.

मी उभीच राहिले. मंगलाबाई धावत आली. "या ताई, बसा! उभ्या काब?"

मी विचारलं, हे कधीपासून? ती अजिबात दचकली नाही. पहिल्या दिवसापासून, म्हणाली.

"अहो, पण मी सांगितलं होतं! दुसऱ्याला द्यायचं नाही म्हणून!"

"सांगेल व्हतं ना," ती म्हणाली, आणि पाचही जणांवरून हात फिरवला. "पन ताई, आठे दुसरा कोन शे?"

इथे दुसरं कोण? मी ओट्यावरून नजर फिरवली. शांताबाई पळी न थांबवता म्हणाली, समोर बसलेला माणूस उपाशी असताना आपल्या मुलाला एकट्याला पाजलं, तर ते त्याच्या गळ्याखाली उतरेल का? अकरा आणि चौदा नंबरला मंगलाबाईने बाकावरच हेरलं होतं. ललितला घ्यायला सुपडू आणि चिंधा दोघे बसने कतारगामला गेले होते, दोघांची तोंडं बंद, पत्ता विचारायला पाटी. अख्ख्या कतारगामला पाटी दाखवत फिरले. मंगलाबाई ते सांगताना इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, आणि हसता न येणारे पाच जण नाकाने फुसफुसत होते. "आन् तुम्हले सांगं नही, कारन तुम्ही नही म्हनेल व्हतं. तुमना जीवले उगाच तरास."

माहेर का चुकलं तेही कळलं. पाच जणांना दिवसातून सहा वेळा पाजायचं, कंबरेला चार पकडी लटकवून. त्या पकडी तिने मला किल्ल्यांच्या जुडग्यासारख्या वाजवून दाखवल्या.

मी रागावणार होते, खरंच. पण कोणीतरी माझ्या हातात पेला दिला. चिकात माझी पावडर, वेलदोड्याचा वास, वर आमरसाचा चमचा. मी दोन पेले प्यायले. एवढी चांगली ती माझ्या घरी कधीच लागली नव्हती. मग मला झोक्यावर बसवलं. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने किती उंच जावं? मी बरीच उंच गेले.

रविवार, २१ एप्रिल

आता खरी गंमत, म्हणजे खरी अडचण.

पावडर सगळ्यांनाच गेली, म्हणून फरक दिसला नाही. हे सोमवारी गायत्रीबेनना सांगितलं की झालं! पावडर निरुपयोगी नाही, उलट साध्या गटाचंही वजन तिनेच राखलं. माझं नाव राहील, नोकरी राहील. फक्त चिकाचं सांगायचं नाही. गुळाचं, दुधाचं, दिवसातून सहा वेळांचंही नाही. कोण विचारणार आहे? बायका सांगणार नाहीत, रुग्णांना बोलता येत नाही.

हा विचार मी सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत केला. पाच तास. कबूल करते. मग ह्यांना सांगितला. मला वाटलं हे थट्टा करतील. हे म्हणाले, "तू दोन पेले प्यायलीस ना त्यांच्याकडे?" आणि पुन्हा पेपर वाचू लागले.

सोमवार, २२ एप्रिल

सगळं सांगितलं. चिकासकट, गुळासकट, पकडींसकट. झोक्याचं नाही सांगितलं, तो अभ्यासाचा भाग नाही.

गायत्रीबेननी पेनाचं टोपण लावलं. म्हणाल्या, "म्हणजे दीड महिन्याचं काम गेलं." म्हटलं, गेलं. "गोषवारा गेला." म्हटलं, गेला.

टेबलाच्या दुसऱ्या अर्ध्यावरून भूपेंद्र म्हणाला, "जुओ ने, बेन, बघा. माझी लस वाटून घेता येत नाही. दंड ज्याचा त्याचा. म्हणून माझे आकडे चोख. जेवण आपलं माणूस वाटणारच ने? मला तर पहिल्या दिवशीच माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?" मी ओरडले.

"तुम्ही आल्याचा रस घ्यायला सांगितलं."

आणि गायत्रीबेन हसू लागल्या. हसता हसता त्यांनी तक्ता पुढे ओढला आणि एकदम थांबल्या. पेन्सिल घेऊन पावडर आणि साधा आहार हे रकाने खोडले, आणि प्रत्येकापुढे लिहायला लागल्या: घरी कोण. आई. बायको. बहीण. कोणी नाही. कोणी नाही. ललितपुढे त्यांनी दोन ओळी केल्या: कतारगाम, घट चार किलो. पांडेसरा, वाढ जवळजवळ तीन किलो. तोच माणूस, तोच जबडा. सोळापैकी ज्यांचं वजन खरंच उतरलं होतं ते तिघेही एकटे राहणारे होते. त्यातल्या दोघांना तर माझी पावडर मिळत होती. डबे घरी तसेच पडले असणार, कालवायला कोण होतं?

"आपण चुकीचा प्रश्न विचारत होतो, सुलभाताई," त्या म्हणाल्या. एवढ्याशा आकड्यांवर काही सिद्ध होत नाही, पण विचारायला हवं. परिषदेत अभ्यास कसा फसला तेच सांगायचं, सगळं, दोघींच्या नावाने. आणि जूनपासून नवा अभ्यास. पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं की एकट्या माणसांसाठी पुन्हा लिफाफे करावेत, अर्ध्यांना एखादं घर जोडून द्यायचं, अर्ध्यांना नाही. मी म्हटलं, बेन, हे पांडेसऱ्यात व्हायचं नाही. त्यांनी लिफाफे केराच्या टोपलीत टाकले. घरी खाऊ कोण घालतं आणि वजन किती, एवढं नुसतं नोंदवायचं ठरलं.

माझी नोकरी आहे! हे वाक्य दोनदा लिहायला हरकत नाही. माझी नोकरी आहे.

गुरुवार, २ मे

ललितच्या तारा काढल्या. चिंधाच्या गेल्या आठवड्यात आणि सुपडूच्या परवा निघाल्या, तेही आज आले होते. तोंड सहा आठवड्यांनी सगळ्यांचंच कुलूप लागल्यासारखं झालेलं असतं, बोटभरही उघडत नाही. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि रोज एक वाढवायची, हा त्याचा व्यायाम. सुपडू अकरा काड्यांवर, चिंधा चौदा. दोघांची पैज लागली आहे आणि गल्लीतली पोरं काड्या मिळवण्यासाठी आइस्क्रीम खाताहेत.

तार निघाल्यावर ललित पहिलं काय बोलला? मला वाटलं आईचं नाव घेईल. त्याने मंगलाबाईकडे बघितलं आणि जाड्या जिभेने म्हणाला, "वहिनी, चीक आते बस." तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि डोळ्यांना पदर लावला. मलाही पदर लावावा लागला.

गुरुवार, २० जून

नव्या अभ्यासाचा तिसरा आठवडा. गायत्रीबेनना काळजी आहे ती एकट्या रुग्णांची. तुलनेला खरंच एकटं राहणारं कोणी मिळत नाही. बाकावर जो येतो त्याला बायका तिथल्या तिथे वाटून घेतात.

आज मात्र बाक रिकामा होता. पांडेसऱ्याच्या सगळ्यांच्या तारा निघाल्या, कोणाला यायचं कारण नव्हतं. आणि दुपारी आला गणपत, वय एकोणतीस, पलसाण्याला डाइंगच्या युनिटात. ड्रमचं झाकण उडून जबडा मोडला. काल तारा बांधल्या, शनिवारपर्यंत वॉर्डात. मी नवा कागद घेतला. नाव, वय, वजन त्रेपन्न. मग तो रकाना: खाऊ घालणारं माणूस.

घरी कोण आहे, विचारलं. पाटीवर लिहिलं: कोणी नाही. गावाकडे? तेही कोणी नाही. खोलीवरचे सोबती? पावसाळ्यासाठी शेतावर गेले.

गायत्रीबेननी मागून वाकून वाचलं. हवा होता तसा रुग्ण. नियमाने मला फक्त दोन शब्द लिहायचे होते. बाहेर बाकावर कोणी नव्हतं जे मध्ये बोलेल. पेन कागदावर टेकवलं होतं, शाईचा ठिपका पडून मोठा होत गेला.

मी लिहिलं: सुलभा. आणि खाली आमच्या घरचा पत्ता.

"सुलभाताई," गायत्रीबेन म्हणाल्या, "असं केलंत तर आपल्या अभ्यासाला एकटा माणूस उरणारच नाही."

"नाही उरला तर बरंच," मी म्हटलं. त्यांनी कागद पुढे ओढला आणि सही केली.

मग मी गणपतला विचारलं, तुला गोड आवडतं की खारं? त्याने पाटी पुसली, आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: दोन्ही.